गुडघ्यातलं पाणी आणि हळदीची कॅप्सूल

गुडघे धरले की साठीपुढच्या माणसाला सल्ल्यांची वाण नसते. मेथीचे लाडू, निर्गुंडीचं तेल आणि आता औषधाच्या दुकानातली हळदीची कॅप्सूल. डबीवरचा मजकूर ठरलेला: हळदीने दाह शमतो, त्यामुळे दुखणं थांबतं. वाक्य एक, दावे दोन. ऑस्ट्रेलियातल्या टास्मानिया विद्यापीठाच्या संशोधकांनी ते दोन्ही वेगवेगळे तपासले आणि निष्कर्ष २०२० साली प्रसिद्ध केले.

त्यांनी झिजेच्या संधिवाताचे ७० रुग्ण घेतले, पण सरसकट नाही. सोनोग्राफीत ज्यांच्या गुडघ्यात पाणी झालेलं दिसलं, तेवढेच. हे पाणी आणि सांध्याच्या अस्तराची सूज ही दाहाची खूण. दाह शमवणारं औषध तपासायचं तर दाह असलेलाच गुडघा हवा, ही निवड मला फार शहाणपणाची वाटते. ३६ जणांना हळदीच्या अर्काच्या रोज दोन कॅप्सूल, ३४ जणांना तशाच दिसणाऱ्या पण औषध नसलेल्या. कोणाला काय मिळतंय हे १२ आठवडे ना रुग्णांना ठाऊक, ना तपासणाऱ्यांना.

दुखणं मोजायला एक साधी रेघ असते, १०० मिलिमीटरची. एका टोकाला ‘अजिबात दुखत नाही’, दुसऱ्या टोकाला ‘याहून जास्त दुखूच शकत नाही’. रुग्णाने मधे कुठेतरी खूण करायची, मग ती पट्टीने मोजायची. पाण्यासाठी एमआरआय.

हळदवाल्यांची खूण दुसऱ्या गटापेक्षा सरासरी ९ मिलिमीटरने जास्त खाली आली. त्यांना वेदनाशामक गोळ्याही कमी लागल्या. फरक छोटा, पण खरा. एमआरआयमध्ये मात्र दोन्ही गटांच्या पाण्यात दखल घेण्यासारखा फरक नव्हता. म्हणजे दुखणं थोडं उतरलं, पण डबीवर लिहिलेल्या कारणाने उतरलं असं काही दिसलं नाही. अभ्यास लहान होता आणि त्याच्या खर्चात अर्क बनवणाऱ्या कंपनीचाही वाटा होता, हेही लक्षात ठेवायला हवं. संशोधकांनीच मोठी चाचणी हवी असं म्हटलं आहे.

‘पण मला गुण आला ना!’ असं कोणी म्हणालं तर अमेरिकेतल्या एका जुन्या चाचणीकडे बोट दाखवावं लागतं. ग्लुकोसामाइन आणि कॉन्ड्रॉइटिन या खपाऊ पूरकांची ती चाचणी २००६ साली प्रसिद्ध झाली. १,५८३ रुग्ण, २४ आठवडे. दुखणं निदान २० टक्क्यांनी कमी झालं तर गुण आला असं धरायचं होतं. दोन्ही पूरकं एकत्र घेणाऱ्यांपैकी ६६.६ टक्क्यांना गुण आला. खोटी गोळी घेणाऱ्यांपैकी ६०.१ टक्क्यांना! त्यात मनाचा भाग असतोच, पण गुडघेदुखीचा स्वभावही असतो. ती चढते, उतरते. माणूस चाचणीत नाव घालतो ते दुखणं ऐन भरात असताना. त्यानंतर काहीही घेतलं तरी ते थोडं उतरतंच. म्हणून शेजारच्या काकूंचा अनुभव खरा असूनही पुरावा ठरत नाही.

हळदीच्या बाजूने आणखी एक दाखला हमखास निघतो. जखमेवर हळद लावण्याचं अमेरिकन पेटंट सीएसआयआर या भारतातल्या सरकारी संशोधन संस्थेने तिचे तेव्हाचे प्रमुख डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या कारकिर्दीत लढून १९९७ साली रद्द करवलं, त्याचा. अभिमान जरूर बाळगावा. पण तो वाद हे ज्ञान आधीपासूनचं की नवं, याचा होता. त्यात गुडघा कुठेच नव्हता.

मग आमटीतल्या हळदीचं काय? हळदीत कर्क्युमिन असतं साधारण तीन टक्के. ते पाण्यात विरघळत नाही, आतड्यातून फारसं शोषलं जात नाही, आणि जे शोषलं जातं त्याची विल्हेवाट यकृत झटपट लावतं. त्यामुळे कॅप्सूलमध्ये अर्क दाट करतात, कित्येकदा शोषण वाढवण्यासाठी मिऱ्यातलं पायपरिनही घालतात. फोडणीतली चिमूट आणि ही कॅप्सूल यांना एकाच मापाने ‘घरगुती’ म्हणता येत नाही. औषधांमुळे होणाऱ्या यकृताच्या इजांची नोंद ठेवणाऱ्या अमेरिकेतल्या संशोधकांनी हळदीच्या पूरकांशी जोडलेले १० रुग्ण नोंदवले आहेत. त्यातला एक दगावला. दहापैकी सात जणांत एकच विशिष्ट जनुकीय खूण आढळली. असे रुग्ण विरळा, पण कावीळ झाल्यावर डॉक्टर ‘काय काय घेता?’ विचारतात तेव्हा रक्तदाबाच्या, साखरेच्या गोळ्या सांगितल्या जातात आणि हळदीची डबी यादीतून राहून जाते.