बोट सुटण्यापूर्वीचे चार तास

सुट्ट्या जवळ आल्या की सहलीचे बेत सुरू होतात. एस.टी. आणि आगगाडीच्या जोडीला आता बोटीचे नावही घराघरात निघू लागले आहे. २०१८ साली मुंबई-गोवा मार्गावर ‘आंग्रिया’ ही प्रवासी बोट सुरू झाली होती. ती सेवा पुढे थांबली. २०२१ सालच्या सप्टेंबरपासून ‘कॉर्डेलिया’ कंपनीच्या ‘एम्प्रेस’ या बोटीने मुंबईहून गोवा आणि लक्षद्वीपच्या सफरी सुरू केल्या. नोकरीला लागलेली मुले-मुली आई-वडिलांना, सासू-सासऱ्यांना आणि लहानग्यांना घेऊन दोन-तीन रात्रींची समुद्रसफर करून येतात. ज्यांनी जन्मभर कष्ट उपसले, त्यांना समुद्र दाखवावा असे मुलांच्या मनात येणे ही आनंदाचीच गोष्ट आहे.

आपल्यातल्या जुन्या कोकणवासीयांना बोट नवी नाही. भाऊच्या धक्क्यावरून डेकवर पथारी टाकून, फडक्यातली भाकरी सोडून गावी गेलेली माणसे अजून आहेत. पण आजच्या सफरीची बोट म्हणजे पाण्यावरचे बहुमजली हॉटेल. तिच्यात शिरण्याची रीत विमानतळासारखी आणि शिस्त जहाजाची. बोटीवर पाऊल टाकण्याच्या दिवशी काय करायचे हे कुटुंबातल्या प्रत्येकाला आधी ठाऊक असेल तर पुढचे दिवस सुखाचे जातात.

घरून निघताना

तिकिटासोबत कंपनी धक्क्यावर हजर राहण्याची वेळ कळवते. ती वेळ आणि बोट सुटण्याची वेळ यांत काही तासांचे अंतर असते. दरवाजे मात्र बोट सुटण्याच्या बऱ्याच आधी बंद होतात. आगगाडी चुकली तर पुढची मिळते. बोट चुकली तर सफर गेली. म्हणून नागपूर, नांदेड, सोलापूरकडच्या मंडळींनी रात्रीच्या गाडीने निघून त्याच दिवशी बोट गाठण्याचा बेत करू नये. आदल्या दिवशीच मुंबईत नातेवाइकांकडे मुक्काम करावा. बोटीचा धक्का बॅलार्ड पियरला आहे. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस स्थानकापासून तो जवळ असला तरी बंदराचा भाग मोठा आहे. कोणत्या दरवाजाने आत जायचे ते तिकिटावर पाहून टॅक्सीवाल्याला नीट सांगावे.

बहुतेक कंपन्यांत नावनोंदणी आधीच संगणकावर किंवा मोबाइलवर करावी लागते. प्रत्येकाचे सरकारी ओळखपत्र मूळ प्रतीत जवळ हवे, लहान मुलांचेसुद्धा. तिकिटावरचे नाव आणि ओळखपत्रावरचे नाव एकच आहे ना, हे तिकीट काढतानाच तपासावे. आपल्याकडे सुनेच्या माहेरच्या-सासरच्या नावाचा घोळ नेहमी होतो. बोट परदेशी बंदराला जाणार असेल तर पासपोर्ट लागतो.

घरात कोणी गरोदर असेल तर तिकीट काढण्यापूर्वी नियम विचारा. साधारणपणे २४ आठवडे पूर्ण झालेल्या गरोदर स्त्रीला प्रवासी बोटी घेत नाहीत आणि त्याआधीही डॉक्टरांचे पत्र मागतात. सहा महिन्यांच्या आतले बाळही बहुतेक कंपन्या घेत नाहीत. धक्क्यावर पोहोचल्यावर हे कळले तर साऱ्या कुटुंबाचा हिरमोड होतो. आजी-आजोबांसाठी चाकाची खुर्ची हवी असेल तर तीही आधीच मागून ठेवावी.

धक्क्यावर

मोठ्या बॅगांना केबिनच्या क्रमांकाची चिठ्ठी लावून त्या धक्क्यावरच हमालांच्या स्वाधीन करायच्या असतात. त्या यंत्रातून तपासल्या जातात आणि केबिनच्या दाराशी येतात. पण यायला कधीकधी संध्याकाळ होते. म्हणून रक्तदाबाच्या, मधुमेहाच्या गोळ्या, इन्सुलिन, चष्मा, बाळाचे दूध, कागदपत्रे, पैसे आणि एक जोड कपडे खांद्यावरच्या पिशवीत ठेवावेत. गोळी दुपारची आणि बॅग संध्याकाळची, असे झाले तर आजोबांनी काय करावे?

इस्त्री, मेणबत्ती, अगरबत्ती अशा उष्णतेच्या व ज्योतीच्या वस्तू बोटीवर नेऊ देत नाहीत. समुद्रात आग लागली तर पळायला रस्ता नसतो, हे त्याचे कारण. घरचे डबे नेण्यावरही बहुधा बंदी असते. बाळाच्या किंवा आजाऱ्याच्या पथ्याचे काय, हे आधी विचारून घ्यावे.

खिडकीवर प्रत्येकाचा फोटो काढून एक कार्ड देतात. तीच केबिनची किल्ली, तेच ओळखपत्र आणि खर्चाची वहीही तीच. बोटीवर बहुतेक ठिकाणी रोख पैसे चालत नाहीत. कार्ड दाखवले की खर्च मांडला जातो. मुलांच्या कार्डावर खरेदी बंद ठेवता येते का, हे तिथेच विचारा. झगझगीत खिडकी आणि फाडफाड इंग्रजी ऐकून पुष्कळ जण गप्प राहतात. संकोचाचे कारण नाही. आपण पैसे भरलेले प्रवासी आहोत. मराठीत किंवा हिंदीत विचारावे आणि समजेपर्यंत विचारावे.

आणखी एक काम धक्क्यावरच उरकावे. किनारा सुटला की मोबाइलची रेंज जाते आणि बोटीवरचे जाळे फार महाग पडते. घरच्यांना खुशाली आणि परतण्याचा दिवस आधीच कळवून ठेवावा.

सात आखूड, एक लांब

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. बोटीवर चढल्यावर सुरक्षेची कवायत असते. तिला ‘मस्टर ड्रिल’ म्हणतात. ऐन फोटो काढण्याच्या, खाण्याच्या वेळी ती येते आणि मंडळी कुरकुर करतात. ही कवायत कोठून आली ते वाचा, मग कुरकुर राहणार नाही.

१९१२ सालच्या एप्रिलमध्ये ‘टायटॅनिक’ बुडाली. बोटीवर सुमारे २,२०० माणसे होती आणि जीवरक्षक होड्यांत जागा होती १,१७८ जणांची. दीड हजाराच्या आसपास माणसे गेली. त्यानंतर १९१४ साली समुद्रावरील जीवितरक्षणाचा पहिला आंतरराष्ट्रीय करार झाला. आपल्या मुंबईच्या वाट्यालाही असा दिवस आला. १७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट पावसाळी समुद्रात काशाच्या खडकाजवळ उलटली आणि सहाशेहून अधिक माणसे बुडाली. अलिबाग-रेवसकडच्या कितीतरी घरांत ती आठवण अजून आहे.

अगदी अलीकडची गोष्ट १३ जानेवारी २०१२ ची. ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ ही प्रचंड बोट इटलीच्या चिवितावेक्या बंदरातून संध्याकाळी निघाली आणि तीन तासांच्या आत जिल्यो बेटाजवळ खडकावर आदळली. बोटीवर चार हजारांवर माणसे होती. ३२ जण मृत्युमुखी पडले. त्यांत आपल्या मुंबईकडचा एक कर्मचारीही होता. त्या संध्याकाळी चढलेल्या शेकडो प्रवाशांची कवायत झालेलीच नव्हती. तेव्हाचा नियम २४ तासांत कवायत घ्यावी असा होता आणि ती दुसऱ्या दिवशी ठेवली होती. संकट मात्र त्याच रात्री आले. त्यानंतर नियम बदलला. १ जानेवारी २०१५ पासून नव्या प्रवाशांची कवायत बोट सुटण्यापूर्वी किंवा सुटताच घेणे बंधनकारक झाले.

या कवायतीत तीन गोष्टी शिकायच्या. पहिली, धोक्याची खूण : सात आखूड भोंगे आणि एक लांब. दुसरी, आपली जमण्याची जागा. तिचा क्रमांक कार्डावर छापलेला असतो. तिसरी, लाइफ जॅकेट कसे बांधायचे. काही बोटींवर हा पाठ मोबाइलवर किंवा केबिनमधल्या टीव्हीवर दाखवतात आणि मग फक्त त्या जागी जाऊन हजेरी द्यायची असते. तरीही घरातल्या प्रत्येकाने केबिनपासून त्या जागेपर्यंत जिन्याने एकदा चालून पाहावे. संकटात लिफ्ट वापरायची नसते. मुलांच्या मापाची जॅकेटे केबिनमध्ये नसतील तर लगेच मागून घ्यावीत. आजोबांना कमी ऐकू येत असेल तर तसे कर्मचाऱ्यांना सांगून ठेवावे.

कुटुंब मोठे असले की दोन-तीन केबिन घ्याव्या लागतात. मग त्याच दुपारी सर्वांना एकत्र बसवून ठरवा : भोंगा झाला तर आजीला कोण नेणार, धाकट्याचा हात कोण धरणार? मुले खेळाच्या खोलीत असतील तर त्यांना तेथून कोण आणते, हेही तिथे विचारा. एकमेकांना शोधत उलट्या दिशेने न धावता सर्वांनी नेमल्या जागी जमायचे, हे मुलांकडून पाठ म्हणवून घ्या. गृहिणीवर सगळा भार टाकू नका. तीही सहलीलाच आली आहे.

एवढे केले की खुशाल डेकवर जा. दोर सुटतील, मुंबईचे दिवे मागे सरकतील, आजी कठड्याला धरून पाहत राहील. तिला पाहू द्या.