गाडीतल्या आवाजाची परीक्षा: गैरसमज आणि वस्तुस्थिती

कार ऑडिओची स्पर्धा म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर डिकीभर सबवूफर, थरथरणाऱ्या काचा आणि कानांवर हात ठेवलेली गर्दी उभी राहते. तशा स्पर्धा आहेत. त्यांना एसपीएल म्हणतात. तिथे गाडीत लावलेला सेन्सर आवाजाचा दाब मोजतो आणि ज्याचे डेसिबल जास्त तो जिंकतो. अमेरिकेत सुरू झालेल्या ‘डीबी ड्रॅग रेसिंग’मध्ये हा आकडा १८०च्या वर गेलेला आहे. असा आवाज चालू असताना त्या गाडीत माणूस बसूच शकत नाही.

साउंड क्वालिटीची, म्हणजे ‘एसक्यू’ची स्पर्धा याच्या अगदी उलट टोकाला आहे. तिथे जज ड्रायव्हरच्या सीटवर बसतो, दारं लावून घेतो आणि बैठकीच्या खोलीत ऐकावं तेवढ्याच आवाजात ठरलेली रेकॉर्डिंग्ज ऐकतो. गायकाचा गळा गळ्यासारखा वाटतो का, अशा गोष्टी त्याला तपासायच्या असतात. या दोन स्पर्धांची सरमिसळ झाल्यामुळे चांगलं ऐकू पाहणाऱ्या माणसालाही लोक ‘डीजेवाला’ म्हणून मोकळे होतात. माझ्या मते या छंदाचं सगळ्यात मोठं नुकसान याच समजामुळे झालं आहे.

‘जजच्या कानाला जे आवडेल ते जिंकतं’ हाही असाच एक समज. कान माणसाचेच असतात हे खरं, पण ऐकायचं काय हे आधी ठरलेलं असतं. अमेरिकेतली इयास्का १९८०च्या दशकाच्या अखेरीची, तिथलीच मेका, आणि युरोपातली एमा या संस्थांनी ते ठरवून दिलं आहे. या संस्थांच्या गुणपत्रिका एकमेकींहून वेगळ्या असल्या तरी रकाने साधारण तेच आहेत. आवाजाचा पोत खालच्या बेसपासून वरच्या झंकारापर्यंत खरा आहे का? सगळ्या पट्ट्या एकमेकींशी तोल राखतात का? समोर उभा राहणारा ‘मंच’ किती रुंद, किती उंच, किती खोल आहे? त्या मंचावर प्रत्येक वाद्य आपल्या जागी ठाम बसलेलं आहे का? आवाज कमी-जास्त केला तर त्याचा स्वभाव बदलतो का?

यातला जागेचा रकाना जवळून पाहण्यासारखा आहे. इयास्काच्या सीडीवर ड्रमचे सात ठोके आहेत, डावीकडून उजवीकडे ओळीने सरकत जाणारे. जज डोळे मिटतो. पहिला ठोका पुढच्या काचेच्या डाव्या खांबापाशी. चौथा बरोबर डॅशबोर्डच्या मध्यावर पडायला हवा. तो स्टिअरिंगसमोर पडला तर गुण गेले. दोन ठोके एकाच जागी आले किंवा एखादा खाली पायापाशी घसरला, तरी गेले. इथे आवडीनिवडीला फारसा वाव उरत नाही. आपल्याकडच्या माणसाने हीच परीक्षा ख्यालाच्या मैफिलीचं लाइव्ह रेकॉर्डिंग लावून घ्यावी. गायक मध्ये, तबला एका बाजूला, पेटी दुसऱ्या बाजूला आणि मागे तानपुरे. डग्ग्याचा घुमारा दारातून येतोय की तबलजी बसला आहे तिथून, हे पहिल्या आवर्तनातच कळतं.

चौथा ठोका मध्यावर आणणं एवढं अवघड का, याचं उत्तर सीटच्या जागेत आहे. आपल्याकडे ड्रायव्हर उजवीकडे बसतो. समजा, उजव्या दाराचा स्पीकर त्याच्या डोक्यापासून ९० सेंटिमीटरवर आहे आणि डाव्या दाराचा १४० सेंटिमीटरवर. आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणजे उजव्या स्पीकरचा आवाज जवळजवळ दीड मिलिसेकंद आधी पोचतो. माणसाचा कान अशा वेळी आधी आलेल्या आवाजाच्या दिशेवर विश्वास ठेवतो. हेल्मुट हास यांनी १९४९ मध्ये या गोष्टीचा अभ्यास मांडला, म्हणून तिला ‘हास इफेक्ट’ही म्हणतात. परिणामी दोन्ही स्पीकर सारखेच वाजत असूनही गायक उजव्या दारात जाऊन बसतो. बॅलन्सचं बटण फिरवून तो पुरता मध्यावर येत नाही, कारण अडचण आवाज कमी-जास्त असण्याची नाही, वेळेची आहे.

इथे डीएसपी लागतो. हा छोटा प्रोसेसर प्रत्येक स्पीकरचा आवाज हवा तेवढा उशिरा सोडतो. उजव्याला दीड मिलिसेकंद थांबवलं की गायक डॅशबोर्डवर येऊन उभा राहतो. ०.०२ मिलिसेकंदाची पायरी म्हणजे अंतरातला सुमारे सात मिलिमीटरचा फरक, इतकी बारीक कामगिरी त्यात होते. ‘डीएसपी लावणं म्हणजे लबाडी, खरा आवाज तो मूळचा’ असं छातीठोकपणे सांगणारे भेटतात. पण मूळ रेकॉर्डिंग, ऐकणारा दोन स्पीकरांच्या बरोबर मध्ये बसला आहे, हे गृहीत धरून केलेलं असतं. गाडीत तसा कोणीच बसत नाही. म्हणून वेळ दुरुस्त करणं म्हणजे रेकॉर्डिंगला त्याची जागा परत देणं. त्याची मर्यादाही सांगितली पाहिजे. एका सीटसाठी जुळवलेली वेळ शेजारच्या सीटवर आणखी बिघडते. दोन्ही सीटवरून गुण द्यायचे ठरले की ट्यूनिंग करणाऱ्याचा खरा कस लागतो.

इक्वलायझरबद्दलही उलटसुलट ऐकू येतं. जाणते ट्यूनर तो बहुतेक वेळा कापायला वापरतात, चढवायला कमी. काचेवरून आणि डॅशबोर्डवरून परत आलेल्या लहरींनी एखाद्या पट्टीत एकमेकींना खाऊन टाकलं असेल, तर तिथे कितीही ताकद ओता, खड्डा भरत नाही. अँप (अँप्लिफायर) मात्र तापतो.

वॉटच्या आकड्यांची गोष्ट वेगळी सांगायला हवी, कारण सर्वसाधारण ग्राहक इथेच फसतो. डेक घेताना खोक्यावर ‘५० वॉट × ४’ असं छापलेलं असतं. हा आकडा येतो कुठून? इंजिन चालू असताना गाडीचं व्होल्टेज साधारण १४.४ असतं आणि स्पीकर ४ ओहमचा. १४.४चा वर्ग भागिले ४ म्हणजे जवळपास ५२. पण हे तेव्हाच, जेव्हा लहर पूर्ण चौकोनी असते, म्हणजे आवाज पार फाटलेला असतो. स्वच्छ लहरीसाठी हिशेब केला तर कागदावर २६ वॉट उरतात, आणि सर्किटमधलं नुकसान वजा जाता हाती २० वॉटच्या आसपास येतात. अँपचंही तसंच. ‘१००० वॉट’ लिहिलेल्या अँपवर ३० अँपिअरचा फ्यूज असेल तर ३० गुणिले १४ म्हणजे ४२० वॉट एवढीच वीज त्यात शिरू शकते. त्यातली ‘क्लास एबी’ प्रकारच्या अँपमध्ये निम्म्याच्या जवळपास उष्णता होऊन जाते. दुकानात उभं राहून हा गुणाकार मोबाइलवर करता येतो, तो करावा.

आणि वॉट दुप्पट केले म्हणजे आवाज दुप्पट होत नाही. ५०चे १०० वॉट केल्यावर जेमतेम ३ डेसिबल वाढतात. कानाला दुप्पट वाटायला साधारण १० डेसिबल, म्हणजे दहापट वॉट लागतात.

मग ‘जो जास्त पैसे ओततो तोच जिंकतो’ यात तरी तथ्य आहे का? थोडं आहे, पण आयोजकांनी त्याचा विचार आधीच केला आहे. एमाच्या गटांत स्पर्धकाचा अनुभव आणि सामानाची किंमत दोन्ही पाहिली जातात. सामानाच्या किमतीवर मर्यादा असलेले गट आहेत. मेकामध्ये गाडीत किती फेरफार केला यावरून स्टॉकपासून वरपर्यंत गट पडतात. आणि महागड्या वस्तूने किती फरक पडतो, याची एक कडक परीक्षा अमेरिकेत बरीच वर्षं खुली होती. ब्यूक ग्रँड नॅशनल गाडी घेऊन स्पर्धा गाजवणारे रिचर्ड क्लार्क यांनी १०,००० डॉलरचं आव्हान ठेवलं होतं. दोन अँपचा आवाज काटेकोर सारखा करून, फाटू न देता, कोणता अँप वाजतो आहे ते फक्त ऐकून ओळखायचं. ते बक्षीस कोणालाच मिळालं नाही. यावरून सगळे अँप सारखेच असं ठरत नाही. खणखणीत बनवलेला अँप त्याच्या ताकदीच्या आत वाजत असेल, तर बाकीचे पैसे दुसरीकडे लावावेत, एवढं मात्र ठरतं.

दुसरीकडे म्हणजे दारात. दाराच्या पत्र्यावर ब्यूटाइलची डॅम्पिंग शीट लावणं आणि आतल्या पत्र्याची मोठी भोकं बंद करणं, हे काम कोणाला दिसत नाही, फोटोतही येत नाही. पण स्पीकरच्या मागच्या बाजूचा आवाज त्या भोकांतून पुढे येऊन पुढच्या आवाजाला मारतो, आणि डग्ग्याचा गाभा तिथेच हरवतो. माझं मत विचाराल तर नवे स्पीकर घेण्याआधी हे काम करावं.

जास्त स्पीकर, जास्त चांगला आवाज? नाही. मंच समोर हवा असतो, म्हणून एसक्यूचे बरेच स्पर्धक मागचे स्पीकर बंदच ठेवतात. बेसलाही डिकी भरावी लागत नाही. बंद पेटीतला सबवूफर खाली उतरताना दर सप्तकाला साधारण १२ डेसिबलने कमी होतो, आणि बंद गाडीची पोकळी त्याच भागात आवाज चढवते. दोन्ही एकमेकांना बरेचसे सावरतात, त्यामुळे एक दहा इंची सबवूफरही पुरतो.

आता शेवटचा समज, की या स्पर्धा संपल्या. १९९०च्या दशकात अमेरिकेत त्यांचा बहर होता आणि तो ओसरला, हे खरं आहे. पण त्याचं कारण लोकांची आवड मेली हे नाही. कंपनीकडूनच चांगली सिस्टिम येऊ लागली. बोसने १९८३ मध्ये जनरल मोटर्सच्या गाड्यांतून याची सुरुवात केली होती. अलीकडे चाकणला तयार झालेल्या महिंद्राच्या एक्सयूव्ही ७००च्या वरच्या मॉडेलमध्ये सोनीचे १२ स्पीकर आले. त्याहून मोठा फटका डॅशबोर्डमुळे बसला. पूर्वी चार स्क्रू काढून डेक बदलता येत असे. आता एसी, कॅमेरा, सगळं एकाच स्क्रीनमध्ये गुंतलेलं असतं. मात्र युरोपात एमाच्या अंतिम फेऱ्या साल्झबर्गला भरत राहिल्या, आशियात स्पर्धक वाढले आणि भारतातही एमाच्या नियमांनी स्पर्धा झाल्या.

बदललं आहे ते कौशल्य. कंपनीच्या सिस्टिममध्ये आधीच इक्वलायझर आणि डिले (स्पीकरांचे उशीर) घातलेले असतात. ते मायक्रोफोन आणि पिंक नॉइज (सगळ्या पट्ट्या असलेला चाचणीचा खरखराट) लावून मोजायचे, सिग्नल सपाट करायचा आणि मग आपला डीएसपी जोडायचा, हे आजच्या स्पर्धकाचं पहिलं काम. काही गाड्यांत तर आवाज तारेतून डिजिटल रूपातच जातो आणि तो उतरवून घ्यायला वेगळा इंटरफेस लागतो. इलेक्ट्रिक गाडीत इंजिनाची घरघर नसते, त्यामुळे बारीक आवाज ऐकू यायला ती उत्तम, पण तिचा डॅशबोर्ड सगळ्यात बंदिस्त. म्हणून मला वाटतं, आपल्याकडच्या आयोजकांनी कंपनीची सिस्टिम तशीच ठेवून फक्त डीएसपी आणि डॅम्पिंगवर लढायचा एक स्वस्त गट काढावा. चाकणच्या गाडीतला नवखा माणूस त्या गटात पहिल्याच वर्षी उतरू शकेल.