विजयदुर्गची खाडी: जिने आरमार राखलं, तिनेच शत्रूला आत येऊ दिलं

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या १२ किल्ल्यांना जागतिक वारशाचा दर्जा दिला. त्यात विजयदुर्ग आहे. तेव्हापासून किल्ल्याचे फोटो आणि रील्स मोबाईलवर फिरत आहेत. त्यात तट दिसतो, बुरूज दिसतात. पण विजयदुर्गचं खरं बळ फोटोत सहसा येत नाही. ते आहे किल्ल्याला लागून असलेली वाघोटनची खाडी.

मुंबई-गोवा महामार्ग तळेऱ्याला सोडला की पश्चिमेला सुमारे ५० किलोमीटरवर, देवगड तालुक्याच्या टोकाला हा किल्ला येतो.

ही खाडी वेगळी का?

कोकणातल्या बऱ्याच खाड्यांच्या तोंडाशी वाळू साचते. तिथे मोठं जहाज ओहोटीला अडकतं. वाघोटनच्या तोंडाशी असा अडथळा नाही आणि पाणी खोल आहे. दक्षिणेकडून पुढे आलेलं भूशिर पावसाळ्यातल्या नैर्ऋत्येच्या लाटा अडवतं. त्यामुळे भर पावसातही जहाजांना इथे आसरा मिळतो. दोन्ही काठांवर जांभ्याचे सडे आहेत, आत कांदळवन आहे आणि पाण्याची वाट थेट खारेपाटणपर्यंत जाते.

आंग्र्यांनी याचा पुरेपूर उपयोग केला. खाडीत सुमारे तीन किलोमीटर आत खडक खोदून गोदी केली. भरतीला जहाज आत घ्यायचं, ओहोटीला पाणी उतरलं की कोरड्यावर त्याची डागडुजी करायची. यंत्राचं काम समुद्रच करत असे.

आंग्र्यांच्या गुराबा आणि गलबतं उथळ पाण्यातही चालत. वारा पडला की वल्ह्यांची गलबतं तोफा चढवलेल्या गुराबांना ओढून नेत. समोरची शिडाची अवजड जहाजं मात्र जागीच खोळंबत. हल्ला करून खाडीत परत शिरलं की मागे लागणाऱ्यावर किल्ल्याच्या तोफा सुरू होत.

कान्होजी आंग्र्यांच्या काळात १७१७ मध्ये इंग्रजांनी विजयदुर्गवर हल्ला केला. त्यांच्या शिड्या तटाला पुरल्या नाहीत. १७२० मध्ये ते तोफांचा तरंगता तराफा घेऊन आले, तोही फसला. १७२४ मध्ये डच आले आणि परत गेले.

मग १७५६ मध्ये काय घडलं?

१७२९ मध्ये कान्होजी वारले आणि आंग्र्यांच्या घरात फूट पडली. पुढे कुलाबा मानाजींकडे राहिला, विजयदुर्ग तुळाजींकडे आला. तुळाजी पेशव्यांना जुमानत नव्हते. नानासाहेब पेशव्यांनी त्यांच्याविरुद्ध मुंबईच्या इंग्रजांशी हातमिळवणी केली. १७५५ मध्ये सुवर्णदुर्ग पडला. पुढचं लक्ष्य विजयदुर्ग होतं.

फेब्रुवारी १७५६ मध्ये ॲडमिरल वॉटसन आरमार घेऊन आला. सोबत रॉबर्ट क्लाइव्ह होता. जमिनीच्या बाजूला पेशव्यांची फौज होती. तुळाजी वाटाघाटीसाठी त्याच छावणीत गेले होते आणि किल्ल्यावर धनीच नव्हता.

१२ फेब्रुवारीला वॉटसनची मोठी जहाजं थेट खाडीत शिरली. वाळूचा अडथळा नव्हता आणि पाणी खोल होतं. ज्या गुणामुळे हे बंदर उत्तम ठरलं होतं, त्यानेच शत्रूला वाट दिली.

आंग्र्यांची जहाजं खाडीत एकमेकांना खेटून नांगरलेली होती. एक तोफगोळा त्यांतल्या एका जहाजावर पडला, ते पेटलं आणि आग शेजारच्या जहाजांवर पसरत गेली. बघता बघता आरमार जळून गेलं. रात्री क्लाइव्हने सैन्य उतरवून किल्ला आणि पेशव्यांची फौज यांच्यामधली जागा धरली. १३ तारखेला किल्ला इंग्रजांच्या हाती पडला.

मोल कुणी मोजलं?

सुमारे १० लाख रुपयांची लूट इंग्रजांनी आपसात वाटून घेतली. पेशव्यांना त्यातलं काही मिळालं नाही. किल्लाही त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये, बाणकोट इंग्रजांना दिल्यावरच परत मिळाला. तुळाजींचं उरलेलं आयुष्य कैदेत गेलं.

वॉटसन आणि क्लाइव्ह पुढे बंगालला गेले. जून १७५७ मध्ये प्लासीची लढाई झाली.

विजयदुर्गजवळ पाण्याखालच्या भिंतीवर शत्रूची जहाजं आपटून फुटत, असं सांगितलं जातं. तिथे समुद्रतळाशी भिंतीसारखं बांधकाम संशोधकांना आढळलंही आहे. पण १७५६ ला जहाजं आत आली ती कुठलीही भिंत न लागता. या बंदराची राखण जहाजं, दर्यावर्दी आणि किनाऱ्यावरची एकी यांनी केली होती. एकी मोडली आणि तीच खाडी शत्रूची वाट झाली.

किल्ल्यावर गेलात तर तट बघून लगेच परत फिरू नका. खाडीच्या बाजूच्या बुरुजावर थोडं थांबा. त्या दिवशी आरमार जळालं ते याच पाण्यात.