पुंगळीचे माप आणि पितळेचा स्वभाव

रायफलच्या काडतुसाचे चार घटक असतात: पितळेची पुंगळी, तिच्या बुडात ठिणगी पाडणारी प्रायमर नावाची छोटी टोपी, आतील दारू आणि तोंडाशी बसवलेली गोळी. बार उडाल्यावर यांपैकी फक्त पुंगळी पुन्हा वापरण्याजोगी उरते, आणि अमेरिकेतील नेमबाज व शिकारी यांच्यात रूढ असलेला घरी काडतुसे भरण्याचा छंद याच पुंगळीवर उभा आहे. मात्र उडालेली पुंगळी पूर्वीच्या मापाची राहत नाही. १९५२ साली बाजारात आलेल्या .३०८ विंचेस्टर या काडतुसात दाब दर चौरस इंचाला ६२ हजार पौंडांपर्यंत जाऊ शकतो. त्या दाबाने पुंगळी फुगून बंदुकीच्या घराला, म्हणजे काडतूस ज्या पोकळीत बसते तिच्या भिंतींना, घट्ट चिकटते आणि दाब ओसरल्यावर किंचित आकसते.

ती पुन्हा वापरण्यासाठी पोलादी साच्यात दाबून मापावर आणावी लागते. या क्रियेत सर्वांत नाजूक प्रश्न खांद्याचा असतो. खांदा म्हणजे रुंद धड आणि अरुंद मान यांना जोडणारा उतार. बूड ते खांदा हे अंतर घरापेक्षा जास्त राहिले तर घर मागून बंद करणारा बंदुकीचा बोल्ट नीट बंद होत नाही, आणि खांदा फार मागे ढकलला गेला तर बार उडताना पुंगळीचे धड ताणले जाते. असे वारंवार झाले की बुडाच्या जरा वर भिंत आतून पातळ होते, बाहेर एक चकचकीत कडे उमटते आणि अखेर पुंगळी तेथेच तुटण्याचा धोका निर्माण होतो. म्हणून बोल्ट-ॲक्शन रायफलसाठी खांदा सामान्यतः एक ते दोन सहस्रांश इंच, म्हणजे सुमारे ०.०२५ ते ०.०५ मिलिमीटर, एवढाच मागे घेतात.

साचा एकच असूनही माप पुंगळीगणिक का बदलते, याचे उत्तर पितळेच्या स्वभावात आहे. पुंगळीच्या पितळेत साधारण ७० टक्के तांबे व ३० टक्के जस्त असते, आणि हा मिश्रधातू प्रत्येक दाबासरशी अधिक कडक होत जातो. पुण्याच्या तांबट आळीतील कारागिरांना धातूचा हा गुण पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे: मठारकामात ठोके पडतील तसे भांडे टणक होते, आणि घडण पुढे न्यायची तर धातू तापवून मऊ करावा लागतो. कडक धातू साच्यातून सुटताच जास्त उसळून मागे येतो, मऊ धातू कमी उसळतो. त्यामुळे एकदा उडालेली आणि सहा वेळा उडालेली पुंगळी एकाच साच्यातून निघूनही एका मापाच्या नसतात.

तेव्हा समान माप हवे असेल तर आधी धातूचा इतिहास समान असावा लागतो. जाणकार एकाच कारखान्याच्या आणि सारख्याच वेळा उडालेल्या पुंगळ्या एकत्र ठेवतात, मान व खांदा ठरावीक अंतराने तापवून मऊ करतात आणि बूड मात्र थंड राखतात, कारण सर्वाधिक आधार देणारे बूड मऊ पडले तर ते दाब सोसू शकत नाही. वंगणाचेही तसेच आहे: लॅनोलिनचा थर कमी पडला तर पुंगळी साच्यात अडकते, जास्त झाला तर साचलेले वंगण खांद्यावर पोचा पाडते. पुंगळी साच्यात ढकलणाऱ्या दाबयंत्राचा दांडा खाली दाबल्यावर क्षणभर थांबले की धातूला स्थिरावायला वेळ मिळतो, आणि शेवटी व्हर्नियर कॅलिपरला खांद्याचा मापक जोडून, त्याच बंदुकीतून उडालेल्या पुंगळीशी तुलना केली जाते.

धातूत दडलेला ताण किती महाग पडतो, हे एकोणिसाव्या शतकात भारतातील ब्रिटिश फौजेने अनुभवले. पावसाळ्यात साठवलेल्या पुंगळ्यांना आपोआप तडे जात, म्हणून इंग्रजीत या दोषाला ‘सीझन क्रॅकिंग’ असे ऋतुवाचक नाव पडले. पुढे १९२१ मध्ये स्पष्ट झाले की घडणीत उरलेला ताण आणि हवेतील अमोनिया एकत्र आल्याने पितळ फाटते, आणि बेताने तापवून तो ताण घालवता येतो. आज भारतात काडतुसे तयार करण्यास शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार परवाना लागतो, त्यामुळे हा छंद येथे घरोघरी रुजलेला नाही. तरीही पावसाळ्यातील ते तडे आणि साच्यातून निघाल्यावर चुकणारे माप यांचे मूळ एकच आहे: पितळेने आधी जे सोसले, ते तिच्या आत साठून राहते, आणि ते जाणून घेतल्याशिवाय केवळ साच्याच्या जोरावर तिला मापात ठेवता येत नाही.