मॅच बघता, मग स्वतःचा स्कोअर कोण ठेवणार?



आज सुरुवातीलाच एक प्रश्न. तुमच्या धंद्यात सगळ्यात महाग मशीन कुठलं? कोणी म्हणेल शिलाई मशीन, कोणी पिठाची गिरणी, कोणी हप्त्यावर घेतलेला टेम्पो. पण या सगळ्यांना मेकॅनिक मिळतो, पार्ट मिळतो, वेळ पडली तर भाड्यानं दुसरं आणता येतं. तुमचं काय? पहाटे माल आणायला तुम्ही, गल्ल्यावर तुम्ही, उधारी मागायलाही तुम्हीच. तुम्ही आडवे झालात की शटर बंद.

जरा हिशोब करू. समजा रोजच्या विक्रीतून तुम्हाला १,००० रुपये सुटतात. कंबर धरली आणि ८ दिवस दुकान बंद राहिलं, तर ८,००० रुपये गेले. गाळ्याचं भाडं, लाइटबिल, कर्जाचा हप्ता मात्र चालूच. वर औषधपाणी. आणि त्या ८ दिवसांत जे गिऱ्हाईक पलीकडच्या दुकानात गेलं, ते परत येईलच असं नाही. म्हणून मी फिटनेसकडे धंद्याच्या मेंटेनन्सचा खर्च म्हणून बघतो. हा खर्च पैशात कमी आणि वेळेत जास्त असतो, एवढंच.

मी पक्का क्रीडाप्रेमी माणूस आहे. क्रिकेट, कबड्डी, ॲथलेटिक्स, काहीही लावा, मी बसतो. पण खेळाडू त्या दोन-तीन तासांसाठी उरलेला आठवडा कसा काढतो, हे बघायला लागलो तेव्हा त्यातून धंद्यासाठी बरंच मिळालं. म्हणून आज माझा आठवडा तुमच्यासमोर ठेवतो. जसाच्या तसा उचलू नका, तुमच्या वेळेला बसेल तेवढा घ्या.

माझं आठवड्याचं वेळापत्रक

सोमवार, बुधवार, शुक्रवार: सकाळी ३० मिनिटं भराभर चालणं. वेग किती? शेजारच्याशी बोलता यावं, पण गाणं म्हणता येऊ नये, इतका.

मंगळवार, गुरुवार: घरीच २० मिनिटं. १२ सूर्यनमस्कार, २० बैठकांचे दोन सेट, आणि दंड जमतील तेवढे. जमिनीवर जमत नसतील तर किचन ओट्यावर हात टेकवून काढा. तेही चालतात.

शनिवार: सुट्टी. त्या दिवशी माझी ट्रेनिंगची बॅच असते, पाच-सहा तास उभं राहून बोलायचं असतं.

रविवार: मित्रांबरोबर एक तास बॅडमिंटन.

आता बेरीज करा. चालणं ९० मिनिटं, बॅडमिंटन ६० मिनिटं, झाली १५०. जागतिक आरोग्य संघटना प्रौढ माणसाला आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम आणि दोन दिवस स्नायूंचा व्यायाम सांगते. जिमची फी न भरता तेवढं होतं.

यात दोन नियम आहेत, आणि खरी परीक्षा तिथेच होते.

पहिला नियम झोपेचा. आयपीएलची संध्याकाळची मॅच साडेसातला सुरू होते आणि शेवटची ओव्हर संपेपर्यंत साडेअकरा वाजायला येतात. ज्याला पहाटे मंडई गाठायची आहे त्याला हे परवडत नाही. म्हणून आठवड्यात एकच मॅच शेवटच्या बॉलपर्यंत. बाकीच्या रात्री १० ला टीव्ही बंद, आणि हायलाइट्स सकाळी चालून आल्यावर. चांगल्या ओव्हर सुटतात, वाईट वाटतं. पण स्क्रीनवरचे खेळाडू आपल्या झोपेची काळजी घेतात, मग आपली कोण घेणार?

दुसरा नियम चहाचा. दिवसाला ८ कप, कपात दीड चमचा साखर, म्हणजे १२ चमचे. जवळपास ५० ग्रॅम साखर नुसत्या चहातून पोटात. माझी मर्यादा रोज ३ कप. गिऱ्हाईक किंवा पार्टी समोर बसली असेल तर नाही म्हणता येत नाही, मान्य. तेव्हा कटिंग घ्या आणि साखर कमी सांगा.

खेळ बघताना सुचलेले चार विचार

१. अडथळे आधीच माहीत असतात.
बीड जिल्ह्यातल्या मांडवा गावचा अविनाश साबळे. त्याची ३,००० मीटर स्टीपलचेस शर्यत म्हणजे धावता धावता २८ अडथळे आणि ७ पाण्याच्या उड्या. २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत त्यानं ८ मिनिटं ११.२० सेकंदांत रौप्य मिळवलं. सुवर्ण हुकलं ते फक्त ०.०५ सेकंदानं. पुढचा अडथळा कुठे आहे हे त्याला माहीत असतं, म्हणून तो पाऊल आधीपासून जुळवून आणतो. आपलेही अडथळे ठरलेले असतात: महिन्याचं भाडं, जीएसटीची तारीख, पावसाळ्यातली मंदी. आणि दिवाळीचे आठ दिवस म्हणजे आपला शेवटचा लॅप. वर्षाची मोठी कमाई तिथे असते. त्या आठ दिवसांत पाय चालायला हवे असतील, तर तयारी गणपतीच्या आधीच सुरू करावी लागते.

२. दोन रेड रिकाम्या गेल्या तर तिसरी रिकामी जाऊ द्यायची नाही.
प्रो कबड्डी बघणाऱ्यांना 'डू ऑर डाय' सांगायला नको. एखाद्या संघाच्या सलग दोन चढाया गुणाविना गेल्या की तिसऱ्या चढाईत गुण मिळवावाच लागतो, नाहीतर चढाई करणारा बाद. मी हाच नियम व्यायामाला लावला आहे. लग्न, प्रवास, मोठी ऑर्डर यात दोन दिवस बुडतात, हरकत नाही. तिसऱ्या दिवशी १० मिनिटं का होईना, करायचंच. उधारी वसुलीलाही हाच नियम लावून बघा. दोन फोन वाया गेले, तर तिसऱ्या वेळी स्वतः जाऊन भेटायचं.

३. तुमचा बदली खेळाडू कोण?
२ नोव्हेंबर २०२५ ला नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर भारताच्या महिला संघानं दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून वन-डे वर्ल्ड कप जिंकला. याच स्पर्धेत हा संघ सलग तीन सामने हरला होता. आणि फायनलमध्ये ८७ धावा करून वर दोन विकेट घेणारी शफाली वर्मा मूळ संघात नव्हतीच. प्रतिका रावल जखमी झाली म्हणून सेमीफायनलच्या आधी तिला बोलावलं गेलं. बोलावणं येईल की नाही हे माहीत नसतानाही तिचा सराव चालू होता, म्हणून ती उभी राहू शकली.
आता तुमच्याकडे वळू. उद्या तुम्हाला ताप आला तर दुकान कोण उघडेल? घरच्या एका माणसाला किंवा मदतनीसाला खरेदीचे दर, नेहमीच्या गिऱ्हाइकांची यादी आणि रोजचा हिशोब शिकवून ठेवा. महिन्यातून एक दिवस त्याच्याकडे दुकान सोपवून बघा. काय अडतं ते त्याच दिवशी कळेल.

४. थकल्यावरची पोझिशन सगळ्यात अवघड.
कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे रेल्वेत तिकीट तपासनीस होता. पॅरिस २०२४ मध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये त्यानं ४५१.४ गुणांसह कांस्य जिंकलं. या फायनलमध्ये आधी गुडघा टेकून, मग पोटावर झोपून आणि शेवटी उभं राहून नेम धरायचा असतो. सगळ्यात अवघड पोझिशन शेवटी, तीही दमल्यावर. आपल्या दुकानातही रात्री साडेआठचं गिऱ्हाईक तसंच असतं. पाय दुखतात, डोकं तापलेलं असतं, आणि एखादा तिरका शब्द निघून जातो. तेव्हा काउंटरवर यायच्या आधी पाच श्वास सावकाश घ्या, पाणी प्या, मग बोला. शरीरात दम असेल तर जिभेवर ताबा राहतो.

रविवारची १० मिनिटं

हिशोबाच्या वहीत मागच्या पानावर चार रकाने आखा: व्यायामाची मिनिटं, झोपेचे तास, चहाचे कप, आणि दुखणं (कंबर, गुडघा, टाच, जे असेल ते). शेजारी त्या आठवड्याची विक्री लिहा. दर रविवारी १० मिनिटं. सहा-आठ आठवडे झाले की तुमचं तुम्हालाच दिसायला लागेल की कुठल्या आठवड्यात काम नीट झालं आणि त्याच्या आधी झोप किती झाली होती.

उद्यापासून काय करायचं?

गल्ल्यावर बसून असाल तर दर तासाला दोन मिनिटं उभे राहा, मालाची मांडणी त्या वेळात करा. वडापावची गाडी किंवा हॉटेल असेल आणि दिवसभर उभे असाल, तर पायाखाली जाड रबरी मॅट टाका आणि दुपारी पाच मिनिटं पाय उंच ठेवून बसा. घरून पोळी-भाजी किंवा शिलाईचं काम करणाऱ्या ताईंनी "घरकामात होतोच की व्यायाम" असं म्हणून सोडून देऊ नये. संध्याकाळची २० मिनिटं फक्त स्वतःसाठी चाला.

शुगर, बीपी, हृदयाचा त्रास असेल किंवा बऱ्याच वर्षांत व्यायाम केला नसेल, तर आधी डॉक्टरांना विचारा. चालताना छातीत दुखलं, चक्कर आली तर तिथेच थांबा, आणि डॉक्टरकडे जायला दुकान बंद व्हायची वाट बघू नका.

पहिल्या आठवड्याचं टार्गेट छोटं ठेवा: तीन दिवस, रोज १० मिनिटं. तेवढं झालं की वहीत बरोबरची खूण करा. पुढच्या आठवड्यात १५ मिनिटं. धंदाही आपण असाच वाढवतो ना, आधी चार गिऱ्हाइकं, मग चाळीस?

भेटू पुढच्या आठवड्यात. तोपर्यंत मॅच बघा, पण १० ला टीव्ही बंद!