प्रागमध्ये जरा खाली बघून चाला!

प्रागच्या जुन्या चौकात सगळे १४१० सालच्या खगोलीय घड्याळाकडे माना वर करून उभे असतात. खासगी गाईड घेतलात तर त्याला आधी फरशी दाखवायला सांगा. टाऊन हॉलच्या भिंतीलगत २७ पांढरे क्रॉस आहेत. हाब्सबुर्ग सम्राटाविरुद्ध बंड करणाऱ्या २७ जणांना २१ जून १६२१ रोजी इथेच मारलं. गर्दी बिनधास्त या क्रॉसवरून चालते!

जवळच पितळी पट्टी सापडेल. चौकातल्या मेरीमातेच्या स्तंभाची सावली तिच्यावर पडली की प्रागमध्ये मध्यान्ह. १९१८ मध्ये जमावाने स्तंभ पाडला, २०२० मध्ये नवा उभारण्यात आला. मोठ्या ग्रुपमागे धावताना हे हमखास निसटतं. आणि हो, बूट मऊ तळव्यांचेच घाला, रस्ते दगडी आहेत.