रोजा सुटतो, बिडी पेटते

मगरिबची अजान झाली, की खजूर आणि पाण्याच्या घोटाने रोजा सुटतो. नमाज होते. त्यानंतर अनेक घरांत दिवसभर दाबून धरलेली तलफ उसळते आणि बिडी किंवा सिगारेट पेटते. धूम्रपानाने रोजा तुटतो, म्हणून सहरीपासून सुमारे १३ तास ज्याने एक झुरकाही घेतलेला नसतो, तोच माणूस पंख्याखाली बसून लागोपाठ दोन-तीन बिड्या ओढतो. त्याच खोलीत गरोदर सून इफ्तारची भांडी आवरत असते.

हे दुसऱ्या कुणाबद्दल नाही. तो माणूस मीच होतो.

चार वर्षांपूर्वी सुनेच्या तपासणीच्या वेळी डॉक्टरांनी विचारले, "घरात बिडी-सिगारेट कोण ओढतं?" सून मान खाली घालून गप्प राहिली. सासऱ्याचे नाव कसे घेणार? सोबत गेलेल्या माझ्या पत्नीनेच उत्तर दिले. घरी आल्यावर तिने मला सांगितले, तेव्हा मी हसण्यावारी नेले. ओढतो मी, त्याचा तिला काय त्रास?

नातू झाला, तेव्हा त्याचे वजन २ किलो १०० ग्रॅम भरले. जन्मतः वजन अडीच किलोपेक्षा कमी असेल तर बाळ कमी वजनाचे मानतात. डॉक्टर म्हणाल्या, "याची कारणं अनेक असतात, एकावर बोट ठेवता येत नाही. पण धूर थांबवणं तुमच्या हातात होतं."

दुसऱ्याच्या बिडीचा धूर आईच्या श्वासात जातो आणि त्यातले निकोटिन वारेतून बाळापर्यंत पोहोचते. धुरातला कार्बन मोनॉक्साइड रक्तात ऑक्सिजनची जागा अडवतो, त्यामुळे बाळाला ऑक्सिजन कमी मिळतो. बाळाची वाढ खुंटण्याचा धोका वाढतो. जन्मानंतरही धूर सुरूच राहिला तर न्यूमोनिया, दमा, कानाचे संसर्ग, इतकेच काय, झोपेत अचानक मृत्यूचाही धोका वाढतो. खिडकी उघडून किंवा शेजारच्या खोलीत जाऊन हा धोका टळत नाही.

सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानाला २ ऑक्टोबर २००८ पासून देशभर बंदी आहे, २०० रुपयांपर्यंत दंडही आहे. घराच्या उंबऱ्याआत मात्र हा कायदा येत नाही. २०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू सर्वेक्षणात १०० पैकी सुमारे ३९ प्रौढांना घरातच दुसऱ्याच्या धुराचा सामना करावा लागत असल्याचे दिसले. घर हिंदूचे असो वा मुसलमानाचे, धूर सारखाच.

गरोदर स्त्रीला स्वतःच्या किंवा पोटातल्या बाळाच्या प्रकृतीची भीती असेल, तर रोजा न ठेवण्याची सवलत इस्लामने दिली आहे. रोजा हा इस्लामच्या पाच स्तंभांपैकी एक. बाळाच्या काळजीने तोही पुढे ढकलता येतो. मग आमची बिडी का थांबू नये? रोजाचे पुण्य कमावून त्याच संध्याकाळी घरातल्या सर्वांत दुबळ्या जिवाला इजा करायची, याचा हिशेब कसा लागणार?

आमच्यात बाळ जन्मले की त्याच्या कानात अजान दिली जाते. नातवाच्या कानाशी मी तोंड नेले, तेव्हा माझ्या दाढीला आणि सदऱ्याला बिडीचाच वास होता. तो वास म्हणजे कपड्यांत, केसांत, अंथरुणात मुरलेले विषच असते, हे नंतर कळले. अजान पूर्ण केली, पण मान वर करवेना.

त्या रमजानात बिडी सुटली. सोपे नव्हते. पहिले काही दिवस डोके दुखले, चिडचिड झाली. पण तलफ काही मिनिटांची असते. दिवसाचे १३ तास जी आवरता येते, ती रात्रीही आवरता येते. एकट्याने जमत नसेल तर १८००-११-२३५६ या सरकारी मोफत क्रमांकावर मदत मिळते. सुटेपर्यंत निदान घरात तरी ओढू नका, आणि बाहेरून ओढून आलात तर हातपाय-तोंड धुऊन, सदरा बदलूनच बाळाला घ्या.

यंदा घरात पुन्हा पाळणा हलणार आहे. सून यावेळीही मला काही बोललेली नाही. आता तिला बोलावे लागणार नाही, एवढीच माझी इफ्तारची दुआ.